१०७ विजय आणि अर्धवेळ माणसं : सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, २०२१

फेब्रुवारी २०२१च्या पहिल्या आठवड्यात मिनेसोटा ट्विन्स आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघांत एक छोटी अदलाबदल झाली. ट्विन्सला शॉन अँडरसन हा पिचर (चेंडू टाकणारा) मिळाला, जायंट्सला लामॉन्ट वेड ज्युनियर नावाचा २७ वर्षांचा डावखुरा बॅटर. वेडचा मोठ्या लीगमधला (मेजर लीग बेसबॉल) अनुभव दोन मोसमांत मिळून ४२ सामन्यांचा आणि २ होमरनचा (होमरन म्हणजे साधारण आपला षटकार). वर्तमानपत्रांनी ही बातमी दोन ओळींत उरकली, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. अशा अदलाबदली दर हिवाळ्यात डझनभर होतात आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढे काहीच होत नाही.

आठ महिन्यांनी तोच वेड ओरॅकल पार्कवर, संघाच्या घरच्या मैदानावर, 'लेट नाईट लामॉन्ट' झाला होता आणि जायंट्सचे १०७ विजय झाले होते. १८८३मध्ये न्यू यॉर्कला सुरू झालेल्या या संघाच्या इतिहासातला हा सर्वाधिक आकडा. आधीचा उच्चांक १०६चा, तोही १९०४चा. मोसमाआधी अंदाज बांधणाऱ्यांनी या संघाला पंचाहत्तरच्या आसपास विजय दिले होते. म्हणजे अंदाज तीसेक सामन्यांनी चुकला. १६२ सामन्यांच्या मोसमात एवढी चूक क्वचितच होते.

मी बे एरियात राहतो आणि तो मोसम जवळून पाहिला. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल कळायला वेळ लागतो, पण त्या वर्षी जे दिसलं ते समजून घ्यायला क्रिकेटचाच उपयोग झाला. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. माझं म्हणणं असं की वेड, डॅरिन रफ आणि त्यांच्यासारख्यांचं ते वर्ष फक्त नशिबाचं नव्हतं आणि फक्त त्यांचं एकट्याचंही नव्हतं. योग्य माणसाला योग्य मापाचं काम मिळालं होतं, आणि ते काम त्या वर्षीच्या नियमांमुळेच तेवढं मोठं होतं.

आधी हे काम काय ते सांगायला हवं.

मोठ्या लीगच्या संघात २६ खेळाडू असतात. त्यातले निम्म्याच्या आसपास पिचर. उरलेल्यांत आठ जण मैदानातल्या आठ जागांवर रोज उभे राहतात आणि चार-पाच जण बाकावर बसतात. यांच्याकडून अपेक्षा ठरलेली असते. कुणी जखमी झालं तर जागा भरायची, मुख्य खेळाडूला विश्रांती हवी असेल तेव्हा खेळायचं, आणि सामन्याच्या उत्तरार्धात पिंच-हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीला, एकदा बॅट घेऊन जायचं. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे बाकावरचा माणूस कधी वापरायचा हा मॅनेजरचा, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचा, दिवसातला सर्वांत अवघड निर्णय असतो. सामना नऊ इनिंगचा. सहाव्या इनिंगमध्ये वापरून टाकला तर नवव्यात हात रिकामे.

दुसरी गोष्ट हाताची. उजव्या हाताने टाकणाऱ्या पिचरचा स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) उजव्या बॅटरपासून दूर पळतो, डावखुऱ्याच्या मात्र आत येतो. आपल्याकडे लेगस्पिनर आणि डावखुरा फलंदाज यांचं जे नातं, तसंच थोडंफार. म्हणून बहुतेक डावखुरे बॅटर उजव्या पिचरविरुद्ध चांगले खेळतात आणि डाव्या पिचरसमोर अडखळतात. उजव्या बॅटरचं नेमकं उलट. एकाच जागेवर दोन माणसं ठेवायची, एक डावखुरा आणि एक उजवा, आणि समोर कोण टाकतो आहे ते बघून त्यांना आलटून पालटून खेळवायचं, याला प्लॅटून म्हणतात. पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. पण ती नीट राबवायची तर असे खेळाडू लागतात ज्यांना अर्ध्या कामाचा कमीपणा वाटत नाही.

आता वेड.

तो बाल्टिमोरचा, मेरीलँड विद्यापीठात शिकलेला, २०१५च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) नवव्या फेरीत निवडला गेलेला. खालच्या लीगमध्ये त्याची ओळख चांगल्या नजरेचा खेळाडू अशी. वाईट चेंडूला बॅट लावत नाही, वॉक (चार वाईट चेंडू सोडले की फुकट मिळणारा पहिला बेस) घेऊन बेसवर जातो, पण ताकद बेताची. ट्विन्सकडे आउटफिल्डची (मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकांची) गर्दी होती आणि त्यात असा माणूस मागे पडला.

जायंट्सला तो हवा होता याचं एक कारण अगदी कारकुनी आहे. त्याच्याकडे 'ऑप्शन' शिल्लक होते. म्हणजे संघाला त्याला खालच्या संघात पाठवता येत होतं आणि इतर कुणी मधल्या मध्ये उचलू शकत नव्हतं. तो खालचा संघ सॅक्रामेंटोत, सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने दीड-दोन तासांवर. वेडला मोसमाच्या सुरुवातीला खाली पाठवलं गेलंच. मग ब्रँडन बेल्ट दुखापतींमुळे आत-बाहेर होऊ लागला. बेल्ट त्या वर्षी ९७ सामनेच खेळू शकला, आणि त्या ९७मध्ये त्याने २९ होमरन मारले. ती फर्स्ट बेसची जागा आणि आउटफिल्डच्या कडेच्या जागा यांच्यामध्ये वेडला काम मिळत गेलं, जवळजवळ नेहमी उजव्या पिचरसमोर. डाव्या पिचरपासून त्याला शक्यतो दूर ठेवलं गेलं.

मोसमाअखेर त्याचे आकडे असे होते: १०९ सामने, सरासरी .२५३ (दर हजार प्रयत्नांत २५३ हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं), १८ होमरन, ५६ रन घरी आणले. हे आकडे बघून कुणी डोळे विस्फारणार नाही. ऑल-स्टार संघात असे आकडे बसत नाहीत. पण नवव्या इनिंगचा हिशेब वेगळा काढला की चित्र पालटतं: २३ वेळा बॅटिंग, १३ हिट, १२ रन. .५६५ची सरासरी. सामना बरोबरीत आणणारे किंवा आघाडी मिळवून देणारे नवव्या इनिंगमधले सहा हिट त्याच्या नावावर जमा झाले. ३० सप्टेंबरला ॲरिझोनाविरुद्ध ५-४ असा सामना संपवणारा हिट त्याचाच, आणि तो विजय १०५वा होता.

रफची वाट आणखी लांबची. नेब्रास्कातल्या ओमाहाचा. २००९मध्ये विसाव्या फेरीत फिलाडेल्फियाने घेतला, २०१२ ते २०१६ तिथे आत-बाहेर करत राहिला. मग दक्षिण कोरियात सॅमसंग लायन्सकडे तीन मोसम, ८६ होमरन. अमेरिकेत परतला तो २०२०च्या सुरुवातीला, मायनर लीगच्या (खालच्या लीगच्या) करारावर, तिशी ओलांडून तीन वर्षं झाल्यावर. बहुतेकांच्या कारकिर्दी या टप्प्यावर शांतपणे बंद होतात. २०२१मध्ये, मोसमाच्या मध्यावर ३५ वर्षांचा होणाऱ्या रफने साधारण निम्म्या मोसमाच्या बॅटिंगमध्ये १६ होमरन मारले आणि दर शंभर वेळांपैकी ३८-३९ वेळा तो बेसवर पोहोचला. हे प्रमाण रोज खेळणाऱ्या ताऱ्यांचं असतं. काम अर्धं होतं, पण त्या अर्ध्या कामात तो लीगमधल्या उत्तमांपैकी एक होता.

असे खेळाडू गोळा करणारा माणूस म्हणजे फरहान झैदी. पाकिस्तानी कुटुंबातला, कॅनडात जन्मलेला, फिलिपिन्समध्ये वाढलेला, एमआयटीनंतर बर्कलीतून अर्थशास्त्रात पीएचडी केलेला. तो २०१८च्या नोव्हेंबरमध्ये जायंट्सकडे आला. आधी तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा जनरल मॅनेजर होता, आणि तिथे हेच काम करून झालेलं होतं. ओकलंडने सोडून दिलेला मॅक्स मंसी त्याच काळात डॉजर्सकडे आला आणि २०१८मध्ये ३५ होमरन मारून बसला. सिॲटलने दिलेला क्रिस टेलर असाच. जायंट्सकडे येऊन झैदीने मायनर लीगच्या करारावर डोनोव्हन सोलानो आणला, तर २०१९च्या मार्चमध्ये बाल्टिमोरकडून माइक यास्त्रेम्स्की. दिग्गज कार्ल यास्त्रेम्स्कीचा हा नातू २८ वर्षांचा होईपर्यंत मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता. २०२१मध्ये त्याचे २५ होमरन होते. २०२१च्या एप्रिलमध्ये यांकीजकडून थायरो एस्ट्राडा आला, तो नुसत्या रोख रकमेवर.

यातले किती डाव फसले याची गणती कुणी ठेवत नाही. झैदीने त्या वर्षांत जे शंभर-दीडशे खेळाडू आणले-सोडले, त्यातल्या बहुतेकांची नावं आज चाहत्यांनाही आठवणार नाहीत. पद्धतच ती आहे. स्वस्तात पुष्कळ बघायचे, लवकर सोडायचे, आणि एखाद्याच्या खेळातला एक भाग खरोखर चांगला दिसला की त्याला फक्त तोच भाग खेळायला द्यायचा. वेडमध्ये बाकीच्यांना दिसला तो ताकद नसलेला आउटफिल्डर. जायंट्सला दिसला तो उजव्या पिचरचा वाईट चेंडू न खेळणारा माणूस, ज्याला चांगला चेंडू उंच आणि जोरात ओढायला शिकवता येईल.

शिकवणारेही भरपूर होते. मॅनेजर गेब कॅपलरच्या हाताखाली १३ प्रशिक्षकांचा ताफा होता, त्या वेळच्या कुठल्याही संघापेक्षा मोठा. त्यातच अलिसा नॅकेन, मोठ्या लीगमधली पहिली पूर्णवेळ महिला प्रशिक्षक. बॅटिंगसाठी तीन जण: डॉनी एकर, जस्टिन व्हीले, डस्टिन लिंड. सरावात यंत्राचा वेग आणि वळण सामन्यापेक्षा अवघड ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी समोरचा पिचर सोपा वाटेल. बाकावरच्या माणसाला याचा फायदा जास्त. तीन तास बसून एकदम नवव्या इनिंगमध्ये दीडशे किलोमीटरच्या चेंडूसमोर उभं राहणं ही बेसबॉलमधली सर्वांत क्रूर मागणी आहे असं मला वाटतं. क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात येणाऱ्या फलंदाजालाही दोन-तीन चेंडू हातात असतात, आणि तो बाहेर निदान पॅड बांधून खेळ पाहत तरी असतो. इथे कधी बोलावणं येईल याचा अंदाज बांधत आतल्या जाळीत स्वतःला तापवत ठेवायचं, आणि कित्येकदा न खेळताच घरी जायचं.

त्या मोसमात जायंट्सच्या पिंच-हिटरनी १८ होमरन मारले. लीगच्या इतिहासातला हा विक्रम आहे. संघाचे एकूण होमरन २४१, तोही संघाचा विक्रम. २००१मध्ये बॅरी बाँड्सने एकट्याने ७३ मारले तेव्हाही संघाचा आकडा २३५च होता.

आता नियमांबद्दल, कारण या प्रकरणाचा हा भाग चाहत्यांच्या गप्पांत सहसा येत नाही.

२०२१मध्ये नॅशनल लीगमध्ये (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी जायंट्सचा भाग) पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागत होती. २०२०च्या कोरोनाच्या छोट्या मोसमात त्याच्याऐवजी ठरावीक बॅटर चालला होता, पण २०२१ला जुनी पद्धत परत आली, शेवटचीच. पिचर बहुधा बॅटिंगमध्ये कच्चा. त्यामुळे पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर त्याची पाळी आली की बाकावरचा माणूस पाठवायचा, हे रोजचं होतं. पिंच-हिटरला जवळजवळ प्रत्येक सामन्यात काम. दुसरं म्हणजे २०२०पासून लागू झालेला तीन बॅटरचा नियम: मैदानात आलेल्या पिचरने निदान तीन बॅटरना तोंड द्यायचं, किंवा इनिंग संपवायची. पूर्वी तुम्ही डाव्या पिचरसमोर उजवा पिंच-हिटर आणलात की प्रतिस्पर्धी लगेच पिचर बदलायचा. आता तो अडकला. समोरचा डावा पिचर आत आला की कॅपलर रफला किंवा ऑस्टिन स्लेटरला बोलवायचा आणि समोरच्या मॅनेजरला नुसतं बघत बसावं लागायचं.

हे दोन नियम एकत्र होते ते एकाच पूर्ण मोसमात. त्या एका मोसमात खोल बाक असलेल्या संघाला जेवढं मिळू शकत होतं ते जायंट्सने सगळं घेतलं. २०२२पासून दोन्ही लीगमध्ये पिचरची बॅटिंग बंद झाली. १८ पिंच-हिट होमरनचा विक्रम त्यामुळे फार काळ टिकेल असं मला वाटतं.

२२ जुलैची रात्र मला सर्वांत जास्त आठवते. डॉजर स्टेडियम, नववी इनिंग, जायंट्स एका रनने मागे, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, समोर डॉजर्सचा केन्ली जॅन्सन. बॅटिंगला रफ. तीन बॉल, दोन स्ट्राइक (आणखी एक बॉल म्हणजे वॉक, आणखी एक स्ट्राइक म्हणजे बाद). पुढच्या चेंडूला रफने बॅट फिरवायला घेतली आणि अर्ध्यावर थांबवली. फिरली की नाही? फिरली असती तर सामना संपला होता. पहिल्या बेसच्या पंचाने नाही म्हटलं. वॉक, बरोबरी. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स इतका भडकला की पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. पुढे आला वेड, आणि त्याच्या एका हिटवर दोन रन. ५-३.

हा कोरियाहून परतलेला माणूस आणि हा मिनेसोटाने दिलेला माणूस, एकामागोमाग एक, आठ वर्षं सलग डिव्हिजन (आपला पाच संघांचा गट) जिंकलेल्या संघाच्या घरात. टीव्हीसमोर मी उभा राहिलो होतो.

हे सगळं नशीब होतं का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. वेडची नवव्या इनिंगमधली .५६५ सरासरी २३ प्रयत्नांची आहे. २३ प्रयत्नांत काहीही होऊ शकतं. कुणाही माणसात नवव्या इनिंगपुरता वेगळा रक्तगट नसतो. त्या आकड्यात नशिबाचा वाटा मोठाच होता. पण संघाचा हिशेब तसा नाही. जायंट्सने वर्षभरात ८०४ रन केले आणि ५९४ दिले. एवढ्या फरकाच्या संघाने साधारण १०३ सामने जिंकायला हवेत असं गणित सांगतं. जिंकले १०७. म्हणजे चार विजय वरकड मिळाले असतील, तीस नाहीत. नशिबाने वेडला नायक केलं असेल, पण संघ खराच चांगला होता.

हेही नोंदवायला हवं की हा फाटक्या खिशाचा संघ नव्हता. बस्टर पोझी, ब्रँडन क्रॉफर्ड, बेल्ट, इव्हान लाँगोरिया, सगळे मोठ्या करारावरचे आणि बहुतेक चौतिशीच्या पुढे-मागे. क्रॉफर्डचं ३४व्या वर्षी आलेलं मोसम, .२९८ आणि २४ होमरन, माझ्या मते वेडपेक्षाही जास्त अनपेक्षित होतं. पोझीने २०२०चं वर्ष दत्तक घेतलेल्या, वेळेआधी जन्मलेल्या जुळ्या मुलींसाठी घरी काढलं होतं. परत येऊन ११३ सामन्यांत .३०४. ११३ हा आकडा महत्त्वाचा आहे. या वयाच्या माणसांना विश्रांती देता आली ती बाकावरचे लोक खेळवण्याजोगे होते म्हणून. आणि बाकावरच्यांना सोयीचे पिचर मिळाले ते मधल्या फळीत क्रॉफर्ड-पोझी ठाम उभे होते म्हणून. लोगन वेबच्या, केव्हिन गॉसमनच्या पिचिंगबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा लेख होईल.

३ ऑक्टोबरला, मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी, सॅन डिएगोला ११-४ असं हरवून डिव्हिजन हाती आली. डॉजर्स १०६ विजय मिळवून दुसरे. त्या दिवशी वेबने पिचिंगही केलं आणि स्वतः होमरनही मारला.

मग बाद फेरीत डॉजर्सच समोर आले. त्याआधी, डिव्हिजन न जिंकलेल्यांसाठीच्या एका सामन्याच्या वाइल्ड कार्ड लढतीत त्यांना तारलं ते क्रिस टेलरच्या नवव्या इनिंगमधल्या होमरनने. झैदीच्याच काळात डॉजर्सकडे आलेला टेलर. पाच सामन्यांची मालिका २-२. पाचवा सामना १४ ऑक्टोबरला ओरॅकल पार्कवर. बेल्टचा अंगठा सप्टेंबरअखेर कोलोरॅडोत बंट करताना (चेंडूला बॅट नुसती टेकवताना) मोडला होता, म्हणून तो खेळत नव्हता. सहाव्या इनिंगमध्ये डॉजर्स १-०ने पुढे गेले, आणि त्याच इनिंगमध्ये रफने हूलिओ उरियासचा चेंडू मधल्या भिंतीपलीकडे ४५२ फूट फेकला. त्या रात्री जायंट्सचा एवढाच रन. नवव्यात कोडी बेलिंजरच्या हिटवर डॉजर्स २-१ झाले. जायंट्सच्या शेवटच्या पाळीत समोर मॅक्स शेर्झर. क्रिस ब्रायंट चुकीमुळे बेसवर पोहोचला. वेड आला आणि बाद झाला. मग विल्मर फ्लोरेस. त्याने बॅट फिरवायला घेतली आणि थांबवली. पहिल्या बेसच्या पंचाने फिरली म्हटलं. तिसरा स्ट्राइक, सामना संपला.

जुलैत थांबलेली बॅट जायंट्सच्या बाजूने मोजली गेली, ऑक्टोबरमधली विरुद्ध. रीप्लेत फ्लोरेसची बॅट थांबलेलीच दिसते, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. मात्र तेव्हा त्याच्यापुढे दोन स्ट्राइक होते आणि समोर शेर्झर. तो चेंडू बॉल ठरला असता म्हणून जायंट्स जिंकलेच असते असं कुणी म्हणू नये.

पुढच्या काही महिन्यांत बरंच विखुरलं. पोझी निवृत्त झाला. गॉसमन टोरांटोला गेला, ब्रायंट कोलोरॅडोला, बॅटिंगचा प्रशिक्षक एकर टेक्सासला. कॅपलरला नॅशनल लीगच्या सर्वोत्तम मॅनेजरचा मान मिळाला. २०२२मध्ये जायंट्स ८१ जिंकले, ८१ हरले. क्रॉफर्ड .२३१. वेडचा गुडघा दुखावला आणि सरासरी .२०७वर आली. रफ .२१६वर होता तेव्हा, ऑगस्टच्या सुरुवातीला, त्याला न्यू यॉर्क मेट्सकडे देण्यात आलं, आणि बदल्यात जे. डी. डेव्हिस व तीन तरुण पिचर आले. मेट्सकडे रफ अजिबात चालला नाही. म्हणजे झैदीने त्याला अगदी वेळेवर विकलं होतं.

वेडच्या बाबतीत मात्र लोक एक गोष्ट विसरतात. २०२३मध्ये तो १३५ सामने खेळला, १७ होमरन मारले आणि बेसवर पोहोचण्याचं त्याचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या वर होतं. चेंडू ओळखण्याची ती जुनी नजर, जी ट्विन्सलाही दिसत होती, तीच टिकली. नवव्या इनिंगची जादू टिकली नाही, आणि ती टिकायची नव्हतीच. ज्यांनी २०२१च्या जादूसाठी त्याला डोक्यावर घेतलं त्यांना २०२३चा वेड फिका वाटला. मला तो जास्त चांगला खेळाडू वाटतो.

कॅपलरला सप्टेंबर २०२३मध्ये काढलं, झैदीला एक वर्षाने. झैदीच्या खुर्चीत आला बस्टर पोझी. जून २०२५मध्ये वेडची सरासरी दोनशेच्या बरीच खाली गेली होती, तेव्हा पोझीने त्याला संघातून कमी केलं आणि मग तो एंजल्सकडे गेला. त्याच दिवशी फर्स्ट बेससाठी जायंट्सने डॉमिनिक स्मिथला करारबद्ध केलं. तोही डावखुरा, आणि यांकीजबरोबरचा मायनर लीगचा करार सोडून नुकताच मोकळा झालेला.